तागाच्या धाग्याचे ब्रेक पॅड : पावसाळा आणि टोमॅटोचा सीझन काढल्यानंतर

पिकअपच्या पुढच्या डिस्कला (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड तिच्यावर दाबला की गाडी थांबते) तागाचा धागा घातलेले पॅड पावसाळ्याआधी बसवले. टोमॅटोचा सीझन संपला, आता लिहायला हरकत नाही.

आधी एक गैरसमज काढतो. पॅड 'तागाचा' म्हणजे गोणपाट दाबून केलेला नव्हे. अशा पॅडमध्ये धागा साधारण 5 ते 10 टक्केच असतो. बाकी फिनॉलिक रेझिन, बेरियम सल्फेट, ग्रॅफाइट, थोडं अॅल्युमिना आणि काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली पूड. हे सगळं चिकटवून ठेवतं ते रेझिन, धाग्याचं काम त्याला बळकटी द्यायचं. पूर्वी ते अॅस्बेस्टॉस करायचं. त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कॅन्सर होतो म्हणून पर्याय शोधले गेले. तांब्यावरही आता गदा आहे. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा केला, त्यानुसार 2025 पासून पॅडमध्ये तांबं 0.5 टक्क्याच्या वर चालत नाही, कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत उतरतं.

नाशिक शहरात पॅड उत्तम. द्वारका, मुंबई नाका, सातपूर, दिवसभर थांबत-निघत गाडी चालते, तरी आवाज नाही आणि रिमवर काळी भुकटी कमी. डिस्कवर बोट फिरवलं तर खाचा लागत नाहीत. आधीच्या सेमी-मेटॅलिक (पोलादाचे तंतू किंवा चुरा घातलेल्या) पॅडने डिस्क ओरबाडून ठेवली होती. पॅडची जाडी व्हर्निअर लावून मोजत होतो. शहरातल्या महिन्यांत झीज मिलिमीटरभरही नव्हती. भर पावसात मात्र सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक बोथट. वनस्पतीचा धागा पाणी ओढतो. थोडं घासलं की पकड परत येते.

मग पिंपळगावहून वाशी मार्केट सुरू झालं. समृद्धीचा टोल वाचवायला आम्ही जुन्याच रस्त्याने जातो, म्हणजे भरलेल्या कॅरेटांसकट कसारा घाट. तिथे चित्र पालटलं. उताराच्या मध्यावर पेडल कडक लागायचं पण गाडी पूर्वीसारखी धरत नव्हती, जळका वास यायचा. खाली थंड झाल्यावर पुन्हा ठीक. सीझन संपेपर्यंत पॅड निम्म्यावर आले, आणि ही जवळजवळ सगळी झीज घाटातली.

आडगाव नाक्यावरच्या मेकॅनिकने पॅड काढून दाखवले. "भाऊ, हे घासून नाही गेले, जळून गेलेत." पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता आणि कडेला बारीक छिद्रं होती. तागातलं हेमिसेल्युलोज (धाग्यातले तंतू जोडून धरणारा भाग) 220 अंश सेल्सियसच्या पुढे तुटू लागतं, 315 ते 400 च्या दरम्यान सेल्युलोजही, म्हणजे धाग्याचा मुख्य भाग, जातं. भरलेल्या गाडीने लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की डिस्क एवढी तापतेच. धागा जळाला की त्याच्या जागी पोकळी उरते, आजूबाजूचं रेझिन आधाराविना कण-कण सुटतं, आणि निघणारा वायू पॅड-डिस्कच्या मधे येऊन पकड आणखी कमी करतो. त्यात ताग उष्णतेचा वाहक नाही. तांबं किंवा पोलाद ती आत खेचून पसरवतं. इथे ती वरच साचते.

म्हणून 'किती किलोमीटर चालतात?' या प्रश्नाला या पॅडच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. किती तापतात, ते विचारा. तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागल्यावर वास थांबला आणि झीजही निम्म्याच्या आसपास आली.

(आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला होता, पण तो दोष धाग्याचा नाही. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची पिन सुकली होती, ग्रीस लावल्यावर सुटली.)

घेताना एक विचारा : धागा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढलाय का? त्याने धाग्यावरचं मेण आणि बरंचसं हेमिसेल्युलोज जातं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिन घट्ट धरतं. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर मी तरी घेणार नाही.

घरच्या कारला हेच घालणार. ती गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या बाहेर क्वचितच जाते. पिकअपला पुढच्या सीझनआधी सेमी-मेटॅलिक परत बसवतोय, डिस्क ओरबाडली तरी चालेल.