ट्रॉलीच्या हुकाला किती करंट: ९५, १२० की १५०?

गळीत हंगाम तोंडावर आला की लातूर-धाराशिव भागात वेल्डिंगच्या दुकानांपुढे उसाच्या ट्रॉल्या लागतात. काम बहुधा हुकाच्या पट्टीचं. ८ मिलिमीटरची साधी लोखंडी पट्टी आणि ३.१५ मिलिमीटर जाडीचा ६०१३ जातीचा वेल्डिंग रॉड धरून सांगतो.

९५ अँपिअरवर हात सांभाळायला सोपा, जोड गोल आणि फुगीर दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण दोन तुकडे उभे-आडवे लावून एकाच बाजूनं वेल्ड करा, व्हाईसमध्ये धरा आणि उभी पट्टी वेल्डच्याच बाजूला हातोड्यानं पाडा. जोड मुळातून उघडतो. आत पट्टीची कड कापल्यासारखी सरळ, तशीच शाबूत दिसते आणि कोपऱ्यात काळ्या मळीची (रॉडच्या लेपाच्या राखेची, म्हणजे स्लॅगची) रेघ असते. म्हणजे धातू वरून नुसता बसला होता, पट्टीत मिसळलाच नव्हता. असा जोड भरल्या ट्रॉलीला लावून रस्त्यावर सोडणं मला पटत नाही.

१५० वर धातू आत शिरतो, पण रॉड लाल होतो, शिंतोडे उडतात आणि जोडाच्या कडेला पट्टीत खाच पडते. ट्रॉलीला खड्ड्याखड्ड्याला हिसका बसतो, आणि तडा त्या खाचेतूनच सुरू होतो. पातळ पत्र्याला तर भोकच पडेल.

१२० च्या आसपास तोडलेला जोड मुळापर्यंत वितळलेला दिसतो. मी हेच धरतो. मात्र हात किती वेगानं चालतो तेही बघा. २४ व्होल्ट, १२० अँपिअर आणि मिनिटाला १५० मिलिमीटर चाल असेल तर दर मिलिमीटरला सुमारे १.१५ किलोज्यूल उष्णता जाते. चाल १०० वर आली की तीच १.७ च्या वर. म्हणजे मशीनवरची करंटची चकती न फिरवता पट्टी जास्त तापली.

६०१३ ऐवजी ७०१८ जातीचा रॉड घ्यावा का? ताकद ४९० मेगापास्कल, ६०१३ ची ४३०. पण साध्या पट्टीचीच किमान ४१० असते. खरा फायदा चिवटपणाचा आणि कमी हायड्रोजनचा (ओलाव्यातून हायड्रोजन जोडात शिरला की तडे जातात). रॉड ओव्हनमध्ये भाजलेला आणि मशीन डीसी असेल तर हुकाला तोच घ्या. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला दमट ७०१८ वापरायचा असेल तर तो फायदा गेलाच.

जुन्या तेलाच्या (तेलात थंड होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) मशीनवाल्यांनी अजून एक बघावं. शेतातले पंप चालू झाले की विजेचा दाब (व्होल्टेज) पडतो आणि चकती १२० वर असूनही करंट खाली येतो. इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक) वेल्डिंग मशीन बऱ्यापैकी सांभाळून घेतं. माझं मशीन तेलाचं, म्हणून दाब पडला की ट्रॉलीला हात लावण्याआधी ८ चा एक भंगार तुकडा जोडून तोडून बघतो.