जुनी बर्बर पिन: चांदीची घ्यावी, जर्मन सिल्व्हरची की मीनाकामाची?

मोरोक्कोच्या दक्षिणेला तिझनित गाव आहे, चांदीच्या कामासाठी नावाजलेले. तिथला दुकानदार दोन त्रिकोणी पिना पुढ्यात ठेवतो. दोन्ही काळपट, दोन्हींवर नक्षी जवळपास सारखीच. ही 'तिझर्झाई'. अमाझिघ, म्हणजेच बर्बर, बायका अंगाभोवती गुंडाळलेले वस्त्र खांद्यांवर हिनेच अडकवत, म्हणून ती जोडीने येते आणि मधे साखळी असते. समोरच्या दोन्हींपैकी एक चांदीची, दुसरी जर्मन सिल्व्हरची.

जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त, बस्स. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून 'बघा, चांदी' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. रंगावरून थोडा अंदाज येतो: चांदी तपकिरी-काळी पडते, जर्मन सिल्व्हर पिवळट, मळकट होते आणि सांध्यांत हिरवट जंग धरते. पण हलक्या चांदीतही तांबे असते, म्हणजे हिरवे दिसले की चांदी नाही, असेही नाही. भरीव, बिनखड्यांच्या पिनेसाठी वजनाची परीक्षा चांगली. कोरडे वजन घ्या, पिन दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा वजन करा आणि जेवढे वजन घटले त्याने कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीला उत्तर 10.5 च्या जवळ येते, तांबे मिसळलेलीला 10 च्या आसपास, जर्मन सिल्व्हरला साधारण 8.5 ते 8.8. भारतात परतल्यावर हॉलमार्किंग केंद्रातले एक्सआरएफ यंत्रही (क्ष-किरणांनी धातू ओळखणारे) सांगेल. फक्त ते वरचा थरच वाचते, मुलामा असला तर फसते.

शिक्का नाही म्हणून मात्र पिन परत ठेवू नका. गावाकडचे कारागीर नाणी वितळवून दागिने घडवत, त्यामुळे कस कमी-जास्त असतोच. उलट '925' (म्हणजे 92.5 टक्के चांदी) असा ठसठशीत शिक्का दिसला तर काम बहुधा अलीकडचे. या कारागिरांत ज्यू पुष्कळ होते. 1948 नंतरच्या दोन दशकांत त्यांतली बहुतेक कुटुंबे देश सोडून गेली. खरे वय पिनेच्या झिजेत दिसते. साखळीची कडी जिथे घासते तिथे ती पातळ झालेली हवी, नक्षीचे उंचवटे गुळगुळीत आणि खाचा काळ्या हव्यात. उंचवटे आणि खाचा सारख्याच काळ्या असतील तर तो रंग द्रावणात बुडवून आणलेला.

जुनी जर्मन सिल्व्हरची पिन मी खोटी मानत नाही. तीही कुणीतरी वर्षानुवर्षे वापरलेली असते; खोटी ठरते ती चांदीच्या भावाने विकली तर. एवढेच, की निकेलने अंगावर पुरळ उठत असेल तर ती अंगाला लागेल अशी घालू नका.

तिसरा पर्याय अल्जीरियातला: काबिली डोंगरातल्या आथ येन्नी या भागातले काम. चांदीवर निळा, हिरवा, पिवळा मीना आणि मधे लाल पोवळी. देखणे, पण नाजूक. खरा मीना म्हणजे काच: थंड लागतो, नखाने ओरखडत नाही, तुटला तर काचेसारखा टवका उडतो. रंगीत राळ भरलेली असेल तर ती मऊ लागते. पोवळ्यावर भिंगातून बारीक समांतर रेषा दिसतात. प्लॅस्टिकवर साच्याची शिवण सापडते.

चांदी म्हटली की आपला हात चिंचेकडे जातो. इथे नको. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांच्या आम्लाने पोवळे विरघळते. रांगोळी आणि टूथपेस्ट नक्षी झिजवतात. अॅल्युमिनियमचा कागद आणि सोड्याचे गरम पाणी खाचांतली काळी छटा धुऊन नेते, आणि नक्षी उठून दिसते ती त्याच छटेमुळे. बिनखड्यांची पिन कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रशने धुवा, लगेच कोरडी करा. मीनाकाम नुसते मऊ फडक्याने पुसा. उकळत्या पाण्याचा धक्का बसला तर मीना तडकतो. ठेवताना प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलीत गुंडाळा. रबर बँड आणि लोकर लांब ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

मी स्वतः चांदीची, झिजलेली, एखादी कडी बदललेली जोडी घेईन. रोज शालीला लावायची असेल तर जर्मन सिल्व्हर पुरते. मीनाकाम घेणार असाल तर ते क्वचित घालायचे, हे आधीच ठरवा. दुरुस्तीला देताना सोनाराला 'उजळू नका, शिशाने जोड देऊ नका' असे बजावून सांगा. आणि टवका उडालेला मीना तसाच राहू द्या: तो पुन्हा भरायचा तर दागिना भट्टीत घालावा लागतो, आणि त्याआधी प्रत्येक पोवळे उचकटून काढावे लागते.