पिनांचा मॉइश्चर मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भिंतीवर ओल दिसली की तिथेच छिन्नी लावली जाते, आणि आत पाइपच सापडत नाही. पाणी उतार आणि टाइलखालचा मसाला धरून सरकतं आणि भलतीकडेच फुटतं. आठ महिन्यांच्या वापरानंतर ठाम मत असं: भिंतीत पिना टोचून ओल मोजणारा हा मीटर गळतीवर बोट ठेवत नाही, पण नको तिथली फोडाफोड नक्की वाचवतो.

दोन पिनांमधला विद्युत रोध तो मोजतो. ओल वाढली की रोध घटतो, आकडा चढतो. पडद्यावरचे टक्के लाकडासाठी आखलेले असतात. प्लास्टरवर २२ दिसलं म्हणजे २२ टक्के पाणी, असं नाही. म्हणून आधी खात्रीच्या कोरड्या भिंतीवर पाच-सहा आकडे घ्यावेत. मग ओल्या भागावर पेन्सिलीने २० सेंटीमीटरच्या चौकटी आखून प्रत्येकीत आकडा आणि तारीख लिहावी.

सगळ्यात जास्त फसवतो तो क्षार. पांढरी भुकटी आलेल्या जुन्या भिंतीत पाणी फार नसतानाही आकडा चढतो. प्लास्टरमधली लोखंडी जाळीही तेच करते.

खरा उपयोग दुसऱ्या चाचण्यांबरोबर होतो. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरची छोटी चकती अर्धा तास पाहावी. फिरत असेल तर कुठेतरी पाणी वाहतंय; आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकावा; फ्लश न करता अर्ध्या तासात कमोडच्या भांड्यात उतरला तर भिंत निर्दोष असू शकते. मग गीझरचा इनलेट व्हॉल्व्ह (गीझरमध्ये पाणी येण्याची तोटी) बंद करावा. चकती थांबली तर गळती गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनवर.

चकती स्थिर असेल तर संशय सांडपाण्यावर. नहाणी ट्रॅपला (न्हाणीघराच्या फरशीतल्या, पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याला) बूच लावून २ सेंटीमीटर पाणी २४ तास ठेवावं आणि चौकटी सकाळ-संध्याकाळ मोजाव्यात. आकडे चढले तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तसेच राहिले आणि बूच काढून पाणी सोडल्यावर चढले, तर ट्रॅपचा सांधा किंवा खालचा पाइप. नेहमी चढता आकडा पाहावा. उतरत्यावर विसंबू नये, कारण प्लास्टर वाळायला कित्येक आठवडे लागतात.

उणिवा आहेतच. टाइलमध्ये पिना घुसत नाहीत, फक्त ग्राउटमध्ये (टाइलांमधल्या फटी भरणाऱ्या मसाल्यात) मोजता येतं. टाइलच जास्त असतील तर बिनपिनांचा प्रकार घ्यावा. रंगवलेल्या भिंतीवर प्रत्येक वेळी दोन भोकं उरतात. पिना बोथट झाल्या की आकडे डळमळतात, म्हणून जादा पिनांची जोडी मिळणारंच मॉडेल निवडावं.