सहा इंची ई-रीडर: सोलापुरी उन्हात उत्तम, मराठी पीडीएफला अपुरा

सिद्धेश्वर तलावाच्या काठी दुपारी मोबाइलचा पडदा नुसता चकाकतो; ई-रीडरचं ई-इंकचं (कागदासारख्या, न चकाकणाऱ्या पडद्याचं) पान मात्र छापल्यासारखं स्वच्छ दिसतं, कारण ते बाहेरचाच उजेड परतवतं. एवढ्यासाठीसुद्धा हे यंत्र घ्यावं. फक्त मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, बॅटरी खराब होते.

खरी अडचण जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन पीडीएफची. ए-५ पान २१० मिमी उंच, सहा इंच कर्णाचा पडदा जेमतेम १२२. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ७ वर येतं आणि ‘द्ध’, ‘द्व’ एकसारखेच दिसू लागतात. समास कापून, यंत्र आडवं धरून वाचता येतं, पण अर्धं-अर्धं पान सरकवत. कंटाळवाणं आहे ते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात अक्षर हवं तेवढं मोठं होतं, म्हणून मिळेल तिथे तेच घ्या.

युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टातल्या पीडीएफमध्ये शब्द शोधून सापडत नाही. आत देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचे संकेत असतात. अशा पानांचं ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) ओसीआर करावं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्यावीत, नंतर रफार आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासावेत.

कथा-कादंबऱ्यांसाठी सहा इंच पुरे. स्कॅनच वाचायचे असतील तर १०.३ इंची घ्या, त्यावर ए-५ पान पूर्ण आकारात मावतं.