रॅम्प की ऑनलाइन अर्ज?

पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव भरला, तेव्हापासून गोव्यात त्यांच्या सोयींची चर्चा वाढली. पालिकेकडे पैसे मोजकेच असतील तर आधी काय करावं: कचेरी सुधारावी की कामं ऑनलाइन न्यावीत?

ऑनलाइन स्वस्त, आणि म्हापसा-मडगावची बस पकडायची दगदग वाचते. पण कॅप्चा, म्हणजे आपण यंत्र नाही हे पटवायला ओळखून टाइप करायची अक्षरं, फक्त चित्रात असला की अंध माणूस तिथेच अडकतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत. मग शेजारच्या पोराला आपला आधार क्रमांक सांगायचा. ही कसली सोय?

रॅम्पला जागा लागते. उतार 1:12 हवा, म्हणजे दीड फूट जोत्याला 18 फूट लांबी. जुन्या पोर्तुगीजकालीन इमारतींत हे अवघडच. शिवाय रॅम्प चढून गेल्यावर खिडकी छातीच्या वर असेल, तर व्हीलचेअरवरच्या माणसाने कागद द्यायचा कसा?

तरी माझं मत कचेरीच्या बाजूने. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत केव्हाच सरली आहे. आणि कॅप्चाला आवाजाचा पर्याय द्यायला रॅम्पचे पैसे तोडावे लागत नाहीत.