गुरांचा क्षयरोग: बाधित जनावर काढायचे की लस टोचायची?

ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये पहिला मार्ग धरला. शेपटीच्या मुळाशी कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंपासून काढलेली प्रथिने) टोचायचे, ७२ तासांनी सूज तपासायची, बाधित जनावर कत्तलीला. कत्तलखान्यात क्षयाच्या गाठी दिसल्या तर मूळ कळपापर्यंत माग काढायचा. या चिकाटीने १९९७ मध्ये देश गोक्षयरोगमुक्त जाहीर झाला. मालकाला भरपाई मिळत होती, हे मला निर्णायक वाटते.

बीसीजी लस मुळात गुरांच्याच क्षयजंतूपासून बनलेली. माणसाला ती १९२१ मध्ये प्रथम दिली गेली. गुरांत ती संसर्ग पूर्ण रोखत नाही, पण रोगाची तीव्रता घटवते. अडचण वेगळीच आहे: लस टोचलेली गायही ट्युबरक्युलिनला प्रतिसाद देऊ शकते. मग बाधित कोण, लसवंत कोण, हे नेहमीच्या चाचणीने कळत नाही. दोन्हींत फरक करणारी चाचणी सोबत हवीच.

महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. इथे पहिला मार्ग गायींपुरता बंदच. भरपाईविना तपासणी लादली, तर बाधित गाय गुपचूप बाजारात जाईल आणि रोग दुसऱ्याच्या गोठ्यात. म्हणून माझा कौल लसीला, पण वेगळ्या चाचणीसह. तोवर बाधित जनावर वेगळे बांधा, दूध उकळूनच प्या.