पोलरायझेशन बदलणारा एचएफ अँटेना: कोकण किनाऱ्यावरून परीक्षण

दापोलीच्या किनारपट्टीवर माझ्या परसात उभा केलेला हा लघुलहरी (एचएफ) रेडिओचा अँटेना-संच ७ मेगाहर्ट्‌झचा आहे. काटकोनात ताणलेले दोन डायपोल (मधोमध केबल जोडलेल्या तारा) आणि खोलीतून चालणारी रिले-पेटी (विजेवर चालणाऱ्या खटक्यांची पेटी) असे त्याचे स्वरूप असून उजवे वर्तुळाकार, डावे वर्तुळाकार आणि साधे रेषीय पोलरायझेशन (लहरीचे विद्युतक्षेत्र ज्या दिशेने डोलते ती) खटक्यासरशी निवडता येते.

यामागचे तत्त्व भक्कम आहे. आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) शिरलेली लहर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे (अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून मोजले जाते तेच हे क्षेत्र) दोन घटकांत विभागते. दोहोंचे पोलरायझेशन परस्परविरुद्ध दिशांनी फिरते, वेगही किंचित भिन्न असतो, आणि साध्या डायपोलवर दोन्ही एकत्र आले की ते कधी एकमेकांना बळ देतात, तर कधी खोडून काढतात. त्यांतला एकच घटक निवडला की फेडिंग (संदेशाच्या ताकदीची चढ-उतार) कमी होते. पुणे-नागपूरची केंद्रे ऐकताना रेषीय स्थितीत एस-मीटरचा (संदेशाची ताकद दाखवणाऱ्या मापकाचा) काटा सारखा वर-खाली होत असतो. योग्य बाजूला खटका फिरवताच तो बराच स्थिरावतो आणि शब्दांची शेवटची अक्षरे गिळली जात नाहीत. ताकदीतली वाढ मात्र फार तर ३ डेसिबल, म्हणजे एस-मीटरवरचे अर्धे घर.

हा संच लांब पल्ल्यालाही उपयोगी पडतो, हा माहितीपत्रकातला दावा मला पटत नाही. आडवे डायपोल खरे वर्तुळाकार पोलरायझेशन देतात ते डोक्यावरच्या दिशेने. क्षितिजाकडे उतरत जावे तसे वर्तुळ चपटे होत अखेर रेषीयच उरते, आणि दूरची केंद्रे नेमकी त्याच सखल कोनातून येतात. आखाताशी किंवा आफ्रिकेशी बोलायचे असेल, तर खाऱ्या पाण्यालगत उभी केलेली लहरलांबीच्या पावपट लांबीची तार सरस ठरते, कारण समुद्राची विद्युतवाहकता उभ्या पोलरायझेशनला सखल कोनात उत्तम साथ देते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही फुकटची सोय सोडू नये.

बांधणीबाबत माझी तक्रार आहे. केबल आत शिरण्याची भोके पेटीच्या माथ्यावर असल्याने पहिल्याच पावसाळ्यात पाणी झिरपले, रिलेच्या संपर्कांवर हिरवट थर चढला, आणि मुलामा दिलेले लोखंडी नट गंजून जागीच आवळले गेले. निर्मात्याने पेटी बदलून दिली, पण तिचीही भोके वरच आहेत. ती मी उलटी टांगली आहे.

हाताला सोल्डरिंगची सवय असलेल्यांनी विकत घेण्याआधी एवढे पाहावे, की दोन डायपोलांतल्या कला-फरकासाठी (एकाची लहर पाव आवर्तन मागे ठेवण्यासाठी) लागते ती आरजी-५८ नावाची समाक्ष केबल जेमतेम ७ मीटर.